नोझल : बोटभर लोखंडाचा इतिहास

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० साली खुला झालेला हा पूल उणीपुरी सोळा वर्षं टिकला. पूल का पडला, दोष कोणाचा, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पूल नसताना लोक नदी कसे ओलांडत होते, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. नवा पूल १९९२ साली झाला. तोपर्यंत पणजी आणि बेतीच्या मधल्या पाण्याचा भार फेरीबोटींनी वाहिला. भर पावसात, छत्र्या मिटून, स्कूटरी आणि माशांच्या पाट्यांच्या मध्ये दाटीवाटीने उभे राहून आपण पलीकडे जात होतो, आणि पायांखाली लोखंडी पत्रा थरथरत होता.

ती थरथर डिझेल इंजिनाची. गोव्याचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या थरथरीवर उभा आहे असं मी म्हटलं, तर काहींना ती अतिशयोक्ती वाटेल. पण जरा आठवून पाहा. खाणीवरचा ट्रक, मांडवी-जुवारीतल्या बार्जी, कुटबणचे आणि मालिमचे ट्रॉलर, गावोगावची कार्रेर, दिवाडी-चोडणची फेरीबोट, भातशेतीतला पंप. या सगळ्यांच्या पोटात एकच यंत्र. आणि त्या यंत्राचं भलंबुरं ठरवणारा भाग म्हणजे बोटभर लांबीचं एक नळकांडं, ज्याला पुस्तकात इंजेक्टर म्हणतात आणि आपल्या गॅरेजांत सरसकट ‘नोझल’. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

आधी नोझल करतं काय ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिचं तपमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. नेमका क्षण म्हणजे किती? इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर फवाऱ्याला साधारण दोन सहस्रांश सेकंद मिळतात. ट्रकच्या मध्यम इंजिनात एका वेळी जाणारं डिझेल भाताच्या तीन-चार शितांएवढंही नसतं, कोरड्या तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढं असतं. ते दाट हवेत घुसून धुक्यासारखं पसरायला हवं, म्हणून जुन्या थेट फवाऱ्याच्या इंजिनांत नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडतं. म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २०० किलो. त्याच १५०० फेऱ्यांच्या हिशोबाने प्रत्येक नोझल तासाला ४५,००० वेळा उघडतं आणि मिटतं. फेरीबोटीच्या आठ तासांच्या पाळीत साडेतीन लाखांहून जास्त वेळा. प्रत्येक वेळी ते कडकडीत मिटलं पाहिजे. मिटताना एक थेंब गळला, तर धूर.

रुडॉल्फ डिझेलला हे जमलं नव्हतं, ही या इतिहासातली गमतीची गोष्ट. त्याला १८९३ साली जर्मन पेटंट मिळालं, आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच वर्षी प्रयोग सुरू झाले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्रोफेसर मॉरिट्झ श्र्योटर यांनी त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा ते इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामात बदलत होतं. त्या काळच्या चांगल्या वाफेच्या इंजिनांनाही याच्या निम्म्याच्या आसपास पोचणं कठीण होतं. पण इंधन आत सोडायचं कसं? एवढा दाब देणारा बारीक पंप बनवणारी यंत्रंच तेव्हा नव्हती. म्हणून डिझेलने वेगळा कॉम्प्रेसर लावून, दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकलं. उपाय चालला, पण तो कॉम्प्रेसर स्वतःच एवढा अवजड की इंजिन कारखान्यात किंवा जहाजातच बसू शके. ट्रकवर चढवणं अशक्य. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. त्याचं इंजिन रस्त्यावर धावताना त्याने पाहिलं नाही.

ते रस्त्यावर आणलं ते नोझलने आणि पंपाने. १९०९ साली प्रॉस्पर लोरांज याने बेन्झ कंपनीत असताना मुख्य सिलिंडरच्या आधी एक छोटी कोठडी ठेवण्याची युक्ती काढली. त्यामुळे कमी दाबाचा फवाराही चालू लागला आणि कॉम्प्रेसर टळला. १९२४ साली डिझेलचे पहिले ट्रक लोकांसमोर आले. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने १९२२ मध्ये या कामात हात घातला होता, आणि १९२७ साली त्याच्या कारखान्यातून एका रांगेत बसवलेल्या पंपांची नियमित निर्मिती सुरू झाली. तेव्हापासून जगभरच्या इंजिनवाल्यांना पंप आणि नोझल विकत घेऊन आपलं इंजिन बांधता येऊ लागलं. नोझलच्या आतली सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. सुई आणि घर एकमेकांवर घासूनच जुळवतात, म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्याला चालत नाही. गॅरेजात याला ‘जोडी’ म्हणतात. जोडी मोडली की दोन्ही भंगार.

आपल्याकडे हे कसं आलं? साताऱ्याच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बनवली होती. आणि आपल्या शेजारच्या बेळगावचं नाव या कथेत घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. १९१० साली तिथली जागा सोडून त्यांना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर जावं लागलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्याच घराण्याने १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ सुरू केली. पुढे शेतातल्या आणि होडीतल्या इंजिनाला ‘किर्लोस्कर’ हेच नाव पडावं इतकी ती सगळीकडे गेली. १९५१ साली बॉशच्या सहकार्याने बंगळूरला ‘मायको’ निघाली आणि भारतात पंप व नोझल बनू लागले. नाशिकचा कारखाना त्यानंतरचा. २००८ मध्ये मायकोचं नाव ‘बॉश लिमिटेड’ झालं, पण जुने मेस्त अजून ‘मायकोचा पंप’ असंच म्हणतात. १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, ट्रकवरचा तारा गेला, पण इंजिनाची घडण राहिली. टाटांचं ‘६९७’ इंजिन गोव्यातल्या प्रत्येक ट्रकवाल्याला पाठ. त्या आकड्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर.

हे सगळं सीमेपलीकडे चाललं होतं तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. १९५५ पासून भारताची आर्थिक नाकेबंदी होती, आगगाडी बंद होती. पण खनिजाला भाव होता आणि मुरगाव बंदर उघडं होतं, त्यामुळे परदेशी वाहनं आणि खाणीवरची यंत्रं सरळ धक्क्यावर उतरत. १९६१ नंतर चित्र उलटलं. गोवा भारतात आला आणि भारतातला आयात परवान्यांचा काळही त्याच्याबरोबर आला. ज्यांच्याकडे परदेशी इंजिनं होती त्यांना सुटे भाग मिळेनात. मग मायकोचं नोझल परदेशी धारकात कसं बसवायचं, कुठली चकती घालायची, स्प्रिंग किती दाबायची, याची एक स्वतंत्र विद्या गॅरेजांत तयार झाली. ती कुठल्याही पुस्तकात नाही. अनमोडच्या घाटातून बेळगावचे भाग येत, बेळगाव-कोल्हापूरकडचे कारागीर येत, आणि त्यांच्या हाताखाली आपली मुलं शिकत.

याच काळात डिझेलने गोव्यात एक भांडणही आणलं. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारी मदतीने यांत्रिक ट्रॉलर वाढले. किनाऱ्यावरून रांपण ओढणाऱ्या शेकडो हातांसमोर सहा सिलिंडरचं इंजिन उभं राहिलं. रांपणकारांचं आंदोलन पेटलं आणि १९८० साली गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायचा हे त्यातून ठरलं. यंत्र कोणाचं पोट भरतं आणि कोणाचं रिकामं करतं, हा प्रश्न गोव्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने विचारला गेला तो तेव्हा. इंजिनाचं कौतुक करताना हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. कारण इतिहास नुसता सनावळ्यांत नसतो, हातांतही असतो. काही वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी नदीकाठच्या एका दुरुस्तीच्या शेडमध्ये जुन्या ट्रॉलरच्या सहा सिलिंडर इंजिनाची नोझलं बदलताना पाहिली. पावसाळ्यातली ६१ दिवसांची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला जो समुद्रात जातो त्याला पहिल्या सुंगटांचा भाव मिळतो. मालकाची घाई उघड होती. सहांपैकी दोनच नोझलं गळतात, दोनच बदला आणि तीही बाजारातली स्वस्तातली, असा त्याचा आग्रह. मेस्त सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, ‘सहाही बदलणार, आणि सहाही एका दाबाची. नाही तर मी पान्ना लावत नाही.’

हा हट्ट नव्हता. दोन सिलिंडर नव्या दाबाने आणि चार जुन्या ढिल्या दाबाने चालले, तर इंजिन लंगडतं. स्वस्त नोझल गळलं तर त्याहून वाईट. गळणारा थेंब फवारा न होता दट्ट्याच्या डोक्यावर पडून जळत राहतो, आणि काही दिवसांत तिथे अॅल्युमिनियम वितळून खड्डा पडतो. हे धक्क्यावर घडलं तर खर्च होतो. रात्री, खोल पाण्यात, खलाशी झोपलेले असताना घडलं तर काय होतं, ते मेस्तांना सांगावं लागलं नाही. मालक गप्प झाला आणि पैशांची सोय करायला निघून गेला.

मेस्तांनी पहिला तास काहीच उघडलं नाही. ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिनाचा माथा धुतला, हवेने फुंकला. नोझल निघाल्यावर उघड्या भोकात वाळूचा एक कण पडला तरी सिलिंडरला ओरखडा. कापसाचा चोथा त्यांनी शेडबाहेर ठेवला होता, कारण त्याचा एक तंतू दोन मायक्रॉनच्या फटीत पुरेसा असतो. मग पंपापासून नोझलपर्यंतचे जाड नळ दोन्ही टोकांना सोडवून क्रमाने मांडले. या सहा नळ्यांची लांबी सारखी असते. जवळच्या सिलिंडरची नळी उगाचच वळसा घेऊन जाते असं आपल्याला वाटतं, पण तो वळसा सगळ्यांना डिझेल एकाच वेळी पोचावं म्हणून असतो. पंपाची तोंडं टोप्यांनी झाकली. जादा डिझेल परत टाकीत नेणारा बारीक ओव्हरफ्लो पाइप काढला.

दोन नोझलं अडकून बसली होती. समुद्राच्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या इंजिनाचं हे नेहमीचंच. तिथे पहार लावायची नाही. गंज सोडवणारं तेल टाकून वाट पाहायची, नोझल थोडं डावी-उजवीकडे फिरवायचं, मग सरकत्या हातोड्याने सरळ वर ओढायचं. ती निघाल्यावर मेस्तांनी बॅटरी घेऊन प्रत्येक भोकात पाहिलं. एका भोकाच्या तळाशी जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिला होता. तो तसाच ठेवून वर नवा घातला, तर नोझलचं टोक एका वॉशरने वर उचललं जातं आणि फवारा दट्ट्याच्या वाटीत न पडता भलतीकडे आदळतो. असा विसरलेला वॉशर हे नव्या नोझलांनंतरही धूर न जाण्याचं एक जुनं कारण आहे. वॉशर काढला, बैठक साफ केली, इंजिन स्टार्टरवर दोन फेरे फिरवून सुटलेला कोळसा बाहेर फुंकू दिला.

नवी नोझलं नवी म्हणून मेस्तांनी विश्वास ठेवला नाही. कारखान्यातून येताना त्यांना गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते धुतलं आणि एकेक नोझल हातपंपाच्या टेस्टरवर चढवलं. घड्याळाचा काटा चढत गेला, २०० जवळ आल्यावर कर्रर्र असा बारीक आवाज आला आणि टोकाच्या भोकांतून सारख्या कोनात धुक्याचे पंखे फुटले. तो आवाज म्हणजे सुई मोकळी असल्याची खूण. मुकं नोझल मेस्त बाजूला ठेवतात. मग दाब थोडा कमी ठेवून काही सेकंद थांबायचं आणि टोकाला बोट नव्हे, कागद लावून पाहायचं. कोरडा राहिला पाहिजे. मी कुतूहलाने पुढे वाकलो तसे ते कोकणीतून म्हणाले, ‘हात फाटीं काड बाब, ताका दोळे नात.’ खरंच आहे ते. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते, आणि आत डिझेल पसरून बोट कापायची वेळ येते. टेस्टरसमोर बोट धरून कोणी शहाणा होत नाही.

बसवताना प्रत्येकाखाली नवा तांब्याचा वॉशर. दोन नट असतील तर एक थोडा, दुसरा थोडा, असे आलटून पालटून, आणि शेवटी मापाच्या पान्ह्याने. जास्त आवळलं तर घर किंचित चेपतं आणि सुई अडकते. कमी आवळलं तर ज्वाळा बाजूने निसटतात. मग ‘एअर काढणं’. नळ्यांत हवा राहिली तर पंप हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. हाताच्या प्राइमरने आधी फिल्टरची, मग पंपाची हवा काढली. शेवटी नोझलकडचे नट किंचित ढिले ठेवून इंजिन फिरवलं. बुडबुडे येत राहिले, मग सलग डिझेल आलं, तसे एकेक नट आवळले. इंजिन खोकलं, पांढरा धूर सोडला आणि दोन मिनिटांत स्थिर झालं. मेस्तांनी फडकं धरून प्रत्येक नट पाव फेरा ढिला करून पाहिला. ढिला केल्यावर आवाज बसला म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. आवाज बदललाच नाही तर तो आधीपासूनच झोपलेला. सहाही जागे होते.

या सगळ्या विद्येचं आता काय होणार? नव्या वाहनांत कॉमन रेल आलं. तिथे एका नळीत दाब कायम साठवलेला असतो, तो १६०० ते २००० बार किंवा त्याहून वर, आणि नोझल कधी उघडायचं ते संगणक ठरवतो. नवं इंजेक्टर बसवलं की त्यावरचा कोड यंत्राला कळवावा लागतो. नट ढिला करून सिलिंडर ऐकण्याची जुनी रीत तिथे केली तर जिवावर बेतेल. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू झालं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पंपाचं नवं वाहन रस्त्यावर येण्याची वाट बंद झाली. जुनी इंजिनं राहिली ती बोटींत, पंपांत, जनरेटरांत.

गोव्यात याला आणखी एक घाव बसला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर खनिज गेलं, आणि २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर आता थोड्याथोड्या चालू होत आहेत. मधल्या वर्षांत शेकडो बार्जी किनाऱ्याला बांधून गंजल्या, कित्येक भंगारात गेल्या. बंद इंजिनात डिझेलखाली पाणी साठतं, सुया घरात चिकटतात. त्या बार्जींवर ज्यांचे हात चालत होते ते कोणी घरी बसले, कोणी आखातात गेले.

मात्र मला जुन्याचं नुसतं गोडवं गायचं नाही. त्याच २०१२ च्या जून महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो असं स्पष्ट जाहीर केलं. सावर्डे, कुडचडे, रिवण, सांखळी या बाजूला खनिजाच्या ट्रकांच्या रांगा चालत तेव्हा रस्त्याकडेच्या घरांनी लाल धूळ आणि काळा धूर दोन्ही गिळले. गळणाऱ्या नोझलची किंमत मालकाला डिझेलच्या बिलात दिसे. रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीत जी जमा होई तिचं बिल कोणी काढलं नाही. म्हणून मला सहा नोझलांसाठी अडून बसणाऱ्या त्या मेस्तांचं मोल वाटतं. त्यांना मायक्रॉन आणि कर्करोगाची भाषा येत नसेल. थेंब गळू द्यायचा नाही, एवढंच ते जन्मभर सांभाळत आले, आणि त्यात बोटीवरचा खलाशी, मालकाचा खिसा आणि धक्क्यावर उभ्या माणसाचा श्वास हे तिन्ही सांभाळले गेले.

देवळांच्या आणि इगर्जींच्या कारागिरांची नावं आपण कौतुकाने शोधतो. टेस्टरचा कर्रर्र आवाज ओळखणारे कान अजून पणजी-वास्को-मडगावात, सावर्डे-कुडचड्यात आहेत. त्यातले बहुतेक सत्तरीला आले. कोणाच्या घरात, शेजारात असा मेस्त असेल तर त्याच्याजवळ बसा, तो कुठे शिकला, कोणाकडून शिकला ते विचारा, आणि उतरवून ठेवा.